बलस्थानं आणि उणिवा लिहायच्या आहेत? आधी विशेषणं खोड

तुझा प्रश्न थोडक्यात असा. ऑक्युपेशनल थेरपीच्या (आजार किंवा इजेनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा जमवून देणाऱ्या उपचारशास्त्राच्या) तिसऱ्या वर्षाला आहेस, गाव परभणी जिल्ह्यात, कॉलेज मुंबईला. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे दवाखान्यातलं प्रत्यक्ष काम, सुरू होण्याआधी स्वतःची बलस्थानं आणि उणिवा लिहून द्यायच्या आहेत. बलस्थानांच्या रकान्यात तू लिहिलंस : मेहनती, प्रेमळ, सगळ्यांशी जुळवून घेणारी. उणिवांच्या रकान्यात : इंग्रजी कच्चं, आत्मविश्वास कमी, हात हळू चालतो. आणि विचारतेस की हे बरोबर आहे का, आणि आपण खरंच कुठे चांगले आणि कुठे कमी आहोत हे ओळखायचं कसं.

तू लिहिलंस त्यातलं काही खोटं नसेल. पण या सहा शब्दांवरून तुझ्या सुपरवायझरला उद्या सकाळी काय करायचं ते कळणार नाही, आणि तुलाही कळणार नाही. ‘पेशंट अशक्त आहे’ एवढंच लिहून तू केस शीट दिलीस, तर ती लगेच परत येईल. कोणता हात, कोणती क्रिया, बसून की उभं राहून, किती वेळ, कोणाच्या आधारानं, हे सगळं विचारलं जाईल. आपल्या विषयाचा पायाच हा आहे की माणूस ‘चांगला’ किंवा ‘कमजोर’ नसतो. एखादं काम, एखाद्या ठिकाणी, अमुक इतक्या मदतीनं त्याला जमतं किंवा जमत नाही. मी लातूरला प्रॅक्टिस करते, इंटर्न मुलं-मुली माझ्याकडे येतात, आणि दरवर्षी हेच बघते : पेशंटबद्दल इतकं नेमकं लिहिणारी मुलं स्वतःबद्दल लिहायची वेळ आली की विशेषणांवर थांबतात. म्हणून पहिलं काम, ती सहाही विशेषणं खोड. प्रत्येकाच्या जागी एक काम लिही, ते कुठे आणि कोणासमोर करायचं होतं ते लिही, आणि किती मदत लागली ते लिही.

‘आत्मविश्वास कमी’ घेऊ. कधी कमी? अंगावरून वारं गेलेल्या मामांना खाटेवरून खुर्चीत कसं बसवायचं हे त्यांच्या मुलाला समजावताना तुझा आवाज जातो का? बहुतेक जात नसेल. वॉर्डात सरांसमोर, सीनियर उभे असताना, इंग्रजीत केस मांडताना जातो. मग ही ‘आत्मविश्वासाची’ उणीव राहिली नाही, केस मांडण्याची उणीव झाली. तिच्यावर इलाज आहे. आत्मविश्वास वाढवा म्हटलं तर कोणी काय करणार? केस मांडायला शिकवा म्हटलं तर करता येतं.

आमच्याकडच्या मुलींबद्दल एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फार वेळा चुकीच्या रकान्यात जाते. मोठ्यांसमोर गप्प राहायचं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आपल्याला घरातून आलेलं असतं. घरात त्याला शहाणपण म्हणतात. पोस्टिंगमध्ये त्याच गप्प बसण्याला ‘पुढाकार घेत नाही’ असा शेरा मिळतो. त्यामुळे तू घाबरट ठरत नाहीस. वॉर्डाच्या रीती वेगळ्या आहेत आणि त्या शिकाव्या लागतात, एवढंच. फॉर्मवर लिहायचंच असेल तर असं लिही : ‘शंका आली तरी राउंडमध्ये विचारत नाही, नंतर मैत्रिणीला विचारते.’ हे वाचून कुठलाही चांगला सुपरवायझर दुसऱ्या दिवशी राउंड संपताना तुझ्याकडे वळून विचारेल, तुला काय वाटलं म्हणून.

आता मोजायचं कशानं? तुझ्याकडे मोजपट्टी आधीच आहे. फिम, म्हणजे पेशंटला कामात किती मदत लागते हे मोजणारी पट्टी, तू शिकली आहेसच. पूर्ण स्वतंत्र असेल तर ७, साधन किंवा जास्त वेळ लागत असेल तर ६, कोणी नुसतं जवळ उभं लागत असेल तर ५. तीनचतुर्थांश किंवा जास्त स्वतः करत असेल तर ४, निम्मं किंवा जास्त करत असेल तर ३, निम्म्याहून कमी पण पाव भाग तरी करत असेल तर २, आणि त्याहूनही कमी तर १. हीच पट्टी तुझ्या कामांना लाव. पेशंटशी पहिली मुलाखत, गोनिओमीटरनं सांध्याच्या हालचालीचं माप, एमएमटी (हातानं विरोध देऊन स्नायूंची ताकद तपासणं), ट्रान्सफर (पेशंटला खाटेवरून खुर्चीत हलवणं), स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा), नोट लिहिणं, नातेवाइकांना घरचा कार्यक्रम समजावणं, लहान लेकरासोबत थेरपीचा खेळ मांडणं. प्रत्येकापुढे आकडा टाक. ६ आकडा लाजेचा नाही हे लक्षात ठेव. खिशातल्या कागदावरचे मुद्दे बघून तू उत्तम मुलाखत घेत असशील, तर तू ६ वर आहेस, आणि पेशंटच्या दृष्टीनं ६ पुरतो.

आकडा टाकून थांबू नकोस. ४ किंवा ३ आला की काम फोडायचं. तू म्हणतेस ‘हात हळू चालतो’, बहुधा स्प्लिंटच्या वेळी असं वाटलं असेल. मनगट उचलून धरणाऱ्या कॉक-अप स्प्लिंटचं काम बघ. हाताची आकृती कागदावर काढणं, खुणा करणं, प्लास्टिकची शीट कापणं, गरम पाण्यात मऊ करणं, हातावर बसवून आकार येईपर्यंत धरणं, कडा गुळगुळीत करणं, पट्टे लावणं, मग घालून तपासणं. यातलं तुझं नेमकं काय हळू आहे? मनगट २० ते ३० अंश वर उचललेलं धरून ठेवताना शीट थंड होते आणि पुन्हा पाण्यात टाकावी लागते, असं असेल तर ते हाताच्या सरावाचं आहे. दोनचार जुन्या तुकड्यांवर मैत्रिणीच्या हातावर करून बघितलंस की सुटेल. पण पुढची कड तळव्याच्या रेषेपलीकडे गेली आणि पेशंटची बोटं मुडपेनात, किंवा अंगठ्याच्या मुळाची रेषा झाकली गेली, तर ते हाताचं काम नाही. ते शरीररचनेचं आहे आणि त्यासाठी पुस्तकाकडे जावं लागेल. आणि स्प्लिंट छान दिसतंय म्हणून पेशंटला घरी पाठवलंस, वीस मिनिटं घालून ठेवून करंगळीच्या बाजूच्या मनगटाच्या हाडावर लाली येते का हे पाहिलंच नाहीस, तर ती उणीव ना हाताची ना अभ्यासाची. ती सवयीची. तिन्हीचे उपाय वेगळे, आणि तिन्ही ‘हात हळू चालतो’ या तीन शब्दांत लपतात. शिवाय हळू हात ही नेहमी उणीव नसतेच. भाजलेल्या हाताच्या पेशंटजवळ मला झटपट हाताची मुलगी नको असते.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते : आपण स्वतःला दिलेला आकडा खरा कशावरून? खरं सांगायचं तर नुसत्या आतल्या भावनेवर तो खरा नसतो. १९९९ मध्ये क्रुगर आणि डनिंग या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या तर्क, व्याकरण वगैरे चाचण्या घेतल्या आणि स्वतःचा अंदाज विचारला. सगळ्यात खालच्या पाव गटातली मुलं सरासरी १२व्या पर्सेंटाईलवर (म्हणजे शंभरातल्या बारा जणांच्याच पुढे) होती, ती स्वतःला ६२व्या पर्सेंटाईलवर समजत होती. वरच्या गटातल्यांनी उलट स्वतःला थोडं कमीच मोजलं. डॉक्टरांच्या बाबतीत २००६ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात एक आढावा आला. त्यात डॉक्टरांनी स्वतःला दिलेले गुण बाहेरच्या मोजमापाशी ताडून पाहिले होते. २० तुलनांपैकी १३ मध्ये दोन्हींचा संबंध फारच थोडा होता, नव्हताच, किंवा उलटा होता. हे अनुभवी डॉक्टरांचं आहे. तू तर विद्यार्थिनी आहेस.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. यातून एकच व्यवहार निघतो : अंदाज आधी लिहून ठेवायचा, मग मोजायचं, आणि दोन्हींतला फरक बघायचा. तुझ्याकडे गोनिओमीटर आहे. कोपराचं माप घे, वहीत लिही, झाक. मैत्रिणीला घ्यायला सांग. दोघींच्या मापांत पाच अंशांच्या आत फरक असेल तर ठीक. पुन्हा पुन्हा दहा-पंधरा अंशांचा येत असेल तर दोघींपैकी एकीचा अक्ष चुकतोय, तो शोधा. एमएमटीमध्ये गुण ० ते ५ असतात; ३ पर्यंत फारसा वाद होत नाही, कारण गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध पूर्ण हालचाल होते की नाही हे डोळ्यांना दिसतं. वाद ४ आणि ५ मध्ये होतो, कारण तिथे विरोध आपण आपल्या हातानं देतो. तू बारीक चणीची असशील तर तुझा ५ आणि एखाद्या दणकट सीनियरचा ५ वेगळा पडेल. हे माहीत असणं हीच निम्मी दुरुस्ती. मुलाखतीनंतरही असंच कर : सुपरवायझरला दाखवण्याआधी स्वतःचा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिही. महिनाभरात तुला कळेल की तू कुठल्या कामात स्वतःला चढवून मोजतेस आणि कुठल्या कामात उगीच खाली ढकलतेस. मुली नोट लिहिण्यात स्वतःला कमी मोजतात आणि ट्रान्सफरमध्ये जास्त, असं मला नेहमी दिसतं. ट्रान्सफर पार पडलं, पेशंट पडला नाही, म्हणजे बरोबर झालं असं वाटतं. तसं नसतं.

सुपरवायझरला विचारायचंही एक तंत्र आहे. ‘सर, कसं झालं?’ विचारलंस तर ‘ठीक आहे, वाचत जा’ एवढंच मिळेल. त्यांच्याकडे वेळ कमी असतो आणि प्रश्न मोठा असतो. अरुंद प्रश्न विचार. ‘मॅडम, खुर्चीत बसवताना माझे पाय बरोबर जागी होते का?’ ‘मी मावशींना किती वेळा मध्येच तोडलं?’ अशा प्रश्नाचं उत्तर अर्ध्या मिनिटात देता येतं, आणि ते देताना माणूस खरं बोलतो.

सगळ्यात खरं उत्तर मात्र पेशंटकडून मिळतं, आणि ते काढून घ्यावं लागतं. आपल्याकडे पेशंट ‘डॉक्टरीणबाईं’ना नाही म्हणत नाही. तू वीस मिनिटं समजावशील आणि मामा हात जोडून म्हणतील, ‘हो बाई, लै चांगलं सांगितलंत.’ हा ‘हो’ मानाचा असतो, समजल्याचा नसतो. म्हणून निघताना म्हण, ‘मामा, मी नीट सांगितलं का ते मला बघायचंय. घरी गेल्यावर सकाळी पहिल्यांदा काय करणार, ते मला करून दाखवा.’ ते जे करून दाखवतील तो तुझा निकाल. चार गोष्टी सांगितल्या आणि एकच करून दाखवली, तर तू जास्त सांगितलंस. सांगितल्याच्या उलट दाखवलं, तर तुझी भाषा पुस्तकी होती. सून सोबत आहे आणि मामांऐवजी ती करून दाखवायला पुढे आली, तर तू चुकीच्या माणसाला शिकवत होतीस, कारण रोज हात हलवणारी तीच आहे. समजावण्याचं कौशल्य मोजायचं याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

आता तुझ्या यादीत जे नाहीच, त्याबद्दल. मराठवाड्यातून शहरात शिकायला गेलेल्या मुलांचं सगळ्यात मोठं बलस्थान ती स्वतःच मोजत नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू खेड्यातली आहेस. आपल्या पेशंटची कामं तू पाहिलीत, केलीत.

आपली बरीच साधनं परदेशात बनली. रोजची कामं किती जमतात हे मोजणारा बार्थेल इंडेक्स १९६५चा आहे, दहा बाबी, शंभर गुण. त्यात खाटेवरून खुर्चीत जाणं आहे, जिना आहे. जमिनीवरून उठणं नाही. आपल्याकडची म्हातारी शंभरपैकी पंच्याण्णव गुण मिळवेल आणि तरी पंगतीत बसू शकणार नाही, वेळ अमावस्येला शेतात सगळ्यांसोबत खाली बसून आंबील पिऊ शकणार नाही. तिच्या लेखी ती अपंगच राहिली. हे तुला कोणी शिकवायची गरज नाही. तुझ्या वर्गातल्या शहरी मुलीला शिकवावं लागेल.

भाकरीचं घे. मनगटाचं हाड मोडून प्लास्टर निघालेली बाई येते. वर्गात शिकवलेला दागदागिन्यांच्या मण्यांचा, बटणांचा व्यायाम तिला देता येईल. पण तिला विचार, ती म्हणेल, ‘भाकर थापता येईना.’ आता तू त्या कामाचं विश्लेषण करून बघ. काठवटीत पीठ मळताना तळव्याच्या टाचेनं दाब द्यायचा, म्हणजे मनगट मागे वळलेलं आणि त्यावर खांद्यापासूनचा भार. थापताना बोटं पसरलेली, तळवा खाली, दुसऱ्या हातानं भाकरी फिरवायची, दोन्ही हात एकाच तालात. मग ती उचलून दोन्ही तळहातांवर तोलत तव्यावर टाकायची, तिथे तळवा वर करावा लागतो. शेवटी चुलीजवळ उकिडवं बसून पाणी फिरवायचं. मनगटाची पीडा, पकड, ताल, बसण्याची पद्धत, चटक्याचा धोका, सगळं एका कामात आहे. ज्वारीला चिकटपणा कमी, म्हणून भाकरी थापावी लागते आणि पोळी लाटता येते. मग सुरुवातीला पोळीचं लाटणं दोन्ही हातांनी आणि भाकरी नंतर, हा चढता क्रम तुझ्या डोक्यात आपोआप येईल. हे विश्लेषण तू तिसऱ्या वर्षाला ७ वर करू शकतेस. फॉर्मवर ते ‘प्रेमळ’च्या जागी लिही.

असंच ऊसतोडीचं. कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात बोटं गेलेला माणूस विचारतो, ‘कोयता धरता येईल का?’ कोयता म्हणजे नुसती पकड नाही हे तुला माहीत आहे. बुडाशी वाकून घाव घालणं, पाचट काढणं, मोळी बांधणं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरवर चढणं. आणि हेही माहीत आहे की उचल घेतलेली असली तर दिवाळीनंतर तो जोडीनं कारखान्यावर जाणार आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, दवाखान्यात येणार नाही. त्याला ‘दर आठवड्याला या’ लिहून देणं म्हणजे काहीच न देणं. फडात, संध्याकाळी कोपीवर (तिथल्या झोपडीवर) काय करता येईल ते देणारी थेरपिस्ट त्याला हवी आहे. भाषेचंही तसंच. तुझ्या गावात दखनी ऐकली असशील, शेजारच्या तांड्यावरची गोरमाटी थोडी कळत असेल. ती यादीत घाल. मुंबईच्या वॉर्डात मराठवाड्यातला पेशंट ‘हात वळंना’ म्हणतो तेव्हा त्याला काय म्हणायचंय, बधिर आहे, आखडलाय की जीवच नाही, हे ओळखणारी तू एकटी असू शकतेस.

पण थांब, कारण याच बलस्थानाच्या आत खड्डा आहे. जे आपल्याला माहीत असतं ते आपण विचारत नाही. प्रत्येक बाईला भाकरीच करायची असते असं तू गृहीत धरशील. एखादी म्हणेल, ‘आता सुना करतात, मला पोथी वाचायला चष्मा नि पान उलटता येऊ दे.’ सीओपीएम या मुलाखतीच्या साधनात पेशंटलाच विचारून महत्त्वाच्या जास्तीत जास्त पाच अडचणी काढतात, आणि किती जमतं, किती समाधान आहे, याला त्यानंच दहापैकी गुण द्यायचे असतात, ते याचसाठी. माहिती असूनही विचारणं, हे तुझ्यासारखीला वेगळं शिकावं लागेल.

‘प्रेमळ’बद्दलही तेच. सेरेब्रल पाल्सीचं लेकरू चमचा तोंडाकडे नेताना हात थरथरतो, वरण सांडतं, आई कासावीस होते. प्रेमळ मुलगी त्या क्षणी चमचा हातात घेते. मी कितीतरी मायाळू विद्यार्थिनी पाहिल्या, ज्यांच्या हातात लेकरू शांत राहतं आणि महिनाभरात काही शिकत नाही. तुझा प्रेमळपणा मोजायचा असेल तर एकच बघ : मदतीचा हात पुढे करण्याआधी तू किती वेळ थांबू शकतेस? घड्याळ लावून बघ. बहुतेकींना पाच सेकंद जड जातात. रेने टेलर यांनी थेरपिस्टच्या वागण्याचे सहा प्रकार मांडले आहेत : पेशंटची बाजू मांडणं, सोबतीनं ठरवणं, समजून घेणं, उमेद देणं, शिकवणं, अडचण सोडवणं. एक दिवस संपल्यावर वहीत मांड, आज आपण कुठल्या प्रकारात किती राहिलो. विद्यार्थी बहुधा दिवसभर ‘शिकवणं’ आणि ‘उमेद देणं’ यातच असतात. सोबतीनं ठरवणं जवळजवळ शून्य. उणीव तिथे असते, आणि ती स्वभावाच्या कुठल्याच विशेषणात सापडत नाही.

इंग्रजीचं राहिलं. हा मुद्दा हलका करून सांगणार नाही. विद्यापीठाची परीक्षा इंग्रजीत आहे, नोट इंग्रजीत आहे, आणि कच्चं इंग्रजी त्रास देतंच. पण आधी ठरव की अडचण इंग्रजीची आहे की विचारांची. तीच केस रात्री हॉस्टेलवर मैत्रिणीला मराठीत सांग. पेशंट कोण, काय करू शकत नाही, का करू शकत नाही, म्हणून आपण काय करणार आणि ते जमलं हे कशावरून कळणार. मराठीत सुरळीत सांगता आलं, तर अडचण फक्त भाषेची. मग सोप नोटमध्ये (पेशंटच्या ठरावीक साच्यातल्या नोंदीत) पुन्हा पुन्हा येणारी वाक्यं फार नसतात; चांगल्या सीनियरच्या नोटमधून ती वीसेक वाक्यं उतरवून घे, पाठ कर, त्यात पेशंट बदलत जा. मराठीतही ‘का करू शकत नाही’ इथे अडखळलीस, तर इंग्रजीला दोष देऊ नकोस. तिथे क्लिनिकल रीझनिंग, म्हणजे पेशंटच्या अडचणीमागचं कारण शोधणारा विचार, कच्चं आहे, आणि स्पोकन इंग्लिशचा क्लास लावून ते सुटणार नाही. कित्येक हुशार मुलं या दोन गोष्टींत गल्लत करून तीन वर्षं इंग्रजीलाच घाबरत राहतात. उलट, फर्डं इंग्रजी बोलणाऱ्या मुलाची पोकळ केस खपूनही जाते, ते त्याचं नुकसान.

काही उणिवा अशा आहेत ज्यांना ‘पोस्टिंगच्या शेवटापर्यंत सुधारेन’ म्हणायची मुभा नाही. अर्धांगाच्या पेशंटला लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही. ट्रान्सफरआधी व्हीलचेअरचे ब्रेक लावलेत आणि पायपट्ट्या बाजूला केल्यात का. हाताला संवेदना नसलेल्या बाईला तव्याजवळ नेण्याआधी काय सांगायचं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्यावर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचं डोकं एकाएकी ठणकायला लागलं, घाम फुटला, तर त्याला उठतं बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवीची नळी दुमडलीय का बघायचं आणि लगेच डॉक्टरांना हाक मारायची. यात तुझा आकडा ७ नसेल तर पहिल्याच दिवशी तोंडानं सांग, ‘हे मला एकटीला येत नाही.’ असं सांगणारी मुलगी मला कधी कमी वाटली नाही.

आणि एक गोष्ट उणिवांत धरूच नकोस. बर्न्स वॉर्डातून आल्यावर जेवण जात नाही, शेतात कीटकनाशक घेऊन वाचलेल्या माणसाशी बोलल्यावर रडू येतं. आपल्या भागातल्या पोरांना हे फार जवळचं असतं. वॉर्डातला माणूस चुलत्यासारखा दिसतो. याला कमकुवतपणा म्हणू नकोस, सुपरवायझरला सांग. झोप उडून दोन आठवडे होत आले, अभ्यासात चित्त लागेना, तर मदत घे. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आता फॉर्म. उणिवा तीनच्या ऐवजी एकच घे, पोस्टिंगपुरती. ऑक्युपेशनल थेरपिस्टांच्या जागतिक महासंघाच्या किमान निकषांप्रमाणे पदवी होईपर्यंत तुझे किमान १००० तास प्रत्यक्ष कामाचे व्हायला हवेत, त्यामुळे बाकीच्यांना पुढे जागा आहे. तुझ्या पत्रावरून मला जे दिसलं, त्यातून मी असं लिहिलं असतं :

‘बलस्थानं : ग्रामीण घरकाम आणि शेतीकामाचं अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅनालिसिस मदतीशिवाय करू शकते. पेशंट आणि नातेवाइकांशी मराठीत मुलाखत मुद्द्यांचा कागद जवळ ठेवून पूर्ण घेऊ शकते. साधी दखनी समजते. उणीव : राउंडमध्ये केस मांडताना ‘पेशंटला हे का जमत नाही’ हा भाग सांगताना थांबते, सुपरवायझरनं दोनतीन प्रश्न विचारून पुढे न्यावं लागतं. उद्दिष्ट : चौथ्या आठवड्यापर्यंत आठवड्याला एक केस, पाच मिनिटांत, एकाही सूचक प्रश्नाशिवाय मांडणं. त्यासाठी प्रत्येक केस आदल्या रात्री मराठीत आणि सकाळी इंग्रजीत मैत्रिणीसमोर मांडेन. मदत हवी : राउंडनंतर दोन मिनिटं, फक्त ‘का’ या भागावर शेरा.’

हे जसंच्या तसं उतरवू नकोस. तुझे आकडे तू टाक, आणि ते टाकण्याआधी निदान एका पेशंटकडून ‘करून दाखवा’ करून घे. फॉर्म देताना त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेव, आकड्यांचा रकाना कोरा ठेवून. पोस्टिंग निम्मी झाली की ती कोरी प्रत सुपरवायझरला दे आणि तुझे आकडे न दाखवता त्यांना भरायला सांग. जिथे दोन आकड्यांत एकाहून जास्त फरक येईल, त्या कामावर त्यांच्यासोबत बसून बोल. बाकीचं सोडून दे.